जुन्या मोटारसायकलींचे चार्जिंग : मीटर लावल्यावर काय सापडले?

कोल्हापुरात जुनी गाडी हौसेने बाळगणारे पुष्कळ आहेत आणि त्यातल्या बहुतेकांनी 'बॅटरी बदलून बघा' हा सल्ला कधी ना कधी ऐकलेला असतो. नवी बॅटरी घातली की काही दिवस सारे सुरळीत चालते आणि मग हॉर्न पुन्हा घोगरा होतो, कारण मॅग्नेटकडून किंवा डायनॅमोकडून (इंजिनसोबत फिरून वीज तयार करणारे भाग) बॅटरीपर्यंत जे पोहोचायला हवे ते वाटेतच अडकलेले असते. या धाग्यात चार्जिंगच्या दुरुस्तीचे आपापले अनुभव लिहावेत. विनंती एवढीच, की कोणता भाग बदलला यापेक्षा मीटर कोठे लावला आणि आकडा काय आला, हे आधी सांगावे.

सर्वांची मोजपट्टी एक राहावी म्हणून थोडे लिहून ठेवतो. 12 व्होल्टची भरलेली बॅटरी, गाडी काही तास बंद असताना, 12.6 च्या आसपास दाखवते. इंजिन मध्यम रेसवर असताना हाच आकडा 13.8 ते 14.5 च्या दरम्यान यावा. तो जागचा हललाच नाही तर चार्जिंग होत नाही, आणि 15 च्या वर गेला तर रेग्युलेटर, म्हणजे व्होल्टेज आवरणारा भाग, काम सोडून बसला आहे. 6 व्होल्टच्या गाड्यांत हेच आकडे साधारण 6.3 आणि 7 ते 7.2 असे धरावेत.

बुलेट 350, मंगळवार पेठ

माझ्या बुलेटच्या हेडलाइटवर अँपिअर मीटर आहे. पन्हाळ्याला जाताना वाघबीळच्या पुढे रस्ता खडबडीत लागला की त्याची सुई शून्यावर पडायची आणि सपाट रस्त्यावर आपोआप उजवीकडे सरकायची. कॉइल किंवा रेक्टिफायर (एसीचे डीसी करणारा भाग) मेला असता तर सुईने रस्ता पाहून वागण्याचे कारण नव्हते, म्हणून मी सांध्यांकडे वळलो. ओहमवर ठेवून तपासले तर प्रत्येक तार उत्तम दिसत होती, आणि इथेच अनेकांची फसगत होते. ओहम मोजताना मीटर तारेतून अगदी नगण्य करंट सोडतो, त्यामुळे दहा पदरांपैकी एकच पदर शिल्लक असला तरी तो समाधानी असतो. खरी परीक्षा भार असतानाच होते. इंजिन चालू ठेवून मीटरचे एक टोक रेक्टिफायरच्या आउटपुटला आणि दुसरे बॅटरीच्या प्लसला लावले, तेव्हा 1 व्होल्टहून जास्त ड्रॉप, म्हणजे वाटेत होणारी घट, आला, तो 0.3 च्या आत हवा.

माझ्या जुन्या वायरिंगमध्ये बॅटरीकडे जाणारा सगळा करंट या अँपिअर मीटरमधूनच जातो. हेडलाइटची काच काढून आत पाहिले, तर मीटरच्या मागचा नट हाताने फिरत होता, थिंबल (तारेच्या टोकाची धातूची कडी) उष्णतेने निळसर-काळे झाले होते आणि शेजारच्या तारेची स्लीव्ह बोटाने चिमटताच कुरकुरीत पापडासारखी तुटली. थिंबल नवे क्रिंप केले, स्प्रिंग वॉशर घातला आणि सुई तेव्हापासून स्थिर आहे. तारा काढण्यापूर्वी प्रत्येकीला चिकटपट्टीचा झेंडा लावून क्रमांक टाकावा. जुन्या गाडीत मूळच्या रंगाची तार मूळच्या जागी असेलच, यावर विसंबता येत नाही.

आरएक्स 100, कळंबा

ही गाडी माझ्या वडिलांची आणि आता मी चालवते. हिचे सीडीआय (ठिणगी देणारे इलेक्ट्रॉनिक युनिट) मॅग्नेटमधल्या स्वतंत्र कॉइलवर चालते, त्यामुळे बॅटरी पूर्ण उतरली तरी गाडी एका किकमध्ये सुटते आणि बिघाड लक्षात यायला उशीर होतो. इंडिकेटर लुकलुकण्याऐवजी नुसते पेटून राहू लागले आणि त्याच सुमारास हेडलाइटचे बल्ब वरचेवर उडू लागले. एकीकडे वीज कमी आणि दुसरीकडे जास्त, हे कोडे होते. मीटरवर बॅटरी 12.2 आणि रेस दिल्यावरही 12.2.

गॅरेजमध्ये कॉइल नवी बांधण्याचा सल्ला मिळाला. मी आधी कपलर (तारा जोडणारा प्लग) सोडवून चार्जिंग कॉइलचा एसी व्होल्टेज मोजला. तो रेसबरोबर झरझर चढत होता, म्हणजे कॉइल ठणठणीत होती. मग कपलर जोडून, इंजिन चालू असताना, बॅटरीच्या मायनसपासून आरआर (रेग्युलेटर-रेक्टिफायर) युनिटच्या बॉडीपर्यंत मोजले तर 2 व्होल्टच्या वर फरक दिसला. तिथे जवळजवळ शून्य यायला हवे होते. कारण सरळ होते: चेसिसला नुकतेच पावडर कोटिंग केले होते आणि युनिटचा बोल्ट त्या चकचकीत थरावर घट्ट बसवला होता. युनिटला अर्थिंगच मिळत नव्हते, त्यामुळे ते ना बॅटरीला नीट चार्ज देत होते, ना हेडलाइटकडे जाणारा जादा व्होल्टेज चेसिसमध्ये उतरवत होते. बोल्टखालचा रंग उघड्या लोखंडापर्यंत खरवडला, दातेरी वॉशर घातला, वरून व्हॅसलीन लावले आणि युनिटपासून बॅटरीच्या मायनसपर्यंत एक वेगळी काळी तार ओढली. आता रेसवर 14.1 येतात. कोटिंग करून घेणाऱ्या प्रत्येकाने अर्थिंगच्या जागा आधी झाकून घ्याव्यात.

येझदी, 6 व्होल्ट, जुना बुधवार

येझदीत अडचण आली की सगळे कट-आउटकडे (डायनॅमो बॅटरीला जोडणारा-तोडणारा स्विच) बोट दाखवतात. माझा लाल दिवा रेस दिल्यावरही मंद पेटलेला राहायचा. हा दिवा बॅटरी आणि डायनॅमो यांच्या मध्ये असतो आणि दोन्हीकडचा व्होल्टेज सारखा झाला की विझतो. मंद पेटणे म्हणजे डायनॅमो जिवंत आहे, पण अशक्त. कव्हर काढले तेव्हा कार्बन ब्रश इतके झिजलेले दिसले, की स्प्रिंगचा दांडा ब्रशऐवजी होल्डरवरच टेकला होता. नवे ब्रश घातले आणि कम्युटेटर (ब्रश ज्यावर घासतात तो तांब्याच्या पट्ट्यांचा गोल) झिरो नंबरच्या सँडपेपरने पुसून घेतला. एमरी पेपर येथे वापरू नये, त्याची कणी पट्ट्यांच्या मधल्या फटीत अडकून नुकसान करते. दिवा आता वेळेवर विझतो.

सीडी 100, शाहूपुरी

2019 च्या ऑगस्टमधील महापुरात गाडी सीटपर्यंत बुडाली होती. पाणी ओसरल्यावर किक न मारता मी बॅटरी काढून टाकली, सारे कपलर सोडवून स्वच्छ पाण्याने गाळ धुतला आणि वाळल्यावर कॉन्टॅक्ट क्लीनर मारला. तरीही हिवाळ्यात चार्जिंग बंद पडले. वरून नवा दिसणारा कपलर उघडला तर पिनांवर हिरवी भुकटी होती आणि तारेचे तांबे आतून बरेच वर काळे पडलेले होते. असे तांबे सोल्डर धरत नाही. ते चकचकीत लागेपर्यंत तार मागे कापत जावे लागते.

आरएक्स 100, राजारामपुरी

कळंब्याच्या ताईंनी उत्तम लिहिले आहे. मी पुढे जाऊन कॉइलचे अर्थिंगचे टोक मोकळे केले, फुल-वेव्ह (एसीच्या दोन्ही बाजू वापरणारा) आरआर बसवला आणि थेट मॅग्नेटवर चालणारा हेडलाइट बॅटरीवर घेतला. रात्री गगनबावड्याच्या रस्त्यावर प्रकाश स्थिर राहतो, रेसबरोबर कमी-जास्त होत नाही.

बुलेट, मंगळवार पेठ

दादा, या बदलाबाबत मी साशंक आहे. 35 वॉटचा बल्ब सुमारे 3 अँपिअर घेतो आणि आयडलिंगवर त्या मॅग्नेटला तेवढे देणे जमत नाही. दाभोळकर कॉर्नरच्या सिग्नलवर रोज थांबणाऱ्याची बॅटरी त्यातून उतरत जाईल. एलईडी घातला असेल तर गोष्ट वेगळी.

आरएक्स 100, राजारामपुरी

एलईडीच आहे. मूळ बल्बवर हा बदल करू नये, हे मान्य.

रिवाइंडिंगचे काम, उद्यमनगर

माझ्याकडे कॉइल येते तेव्हा तिच्यासोबत गाडीचा मालक क्वचितच येतो आणि लक्षण तर कधीच येत नाही. म्हणून मी आधी मेगरवर (इन्शुलेशन तपासणारा मीटर) तारेची आणि कोअरची गळती पाहतो. कॉइल चांगली निघाली तर तशीच परत देतो. जळालेली असेल तर उकलताना वेढे मोजून वहीत लिहितो, तारेचा गेज मायक्रोमीटरवर घेतो आणि कोणत्या पोलवर (तार गुंडाळलेला कोअरचा दात) वळण कोणत्या दिशेने आहे त्याचे चित्र काढतो. लागोपाठच्या पोलवर दिशा उलटसुलट असते. एक पोल चुकून सरळ भरला गेला तर दोन पोलांचा व्होल्टेज एकमेकांना खातो आणि मीटरवर कॉइल निर्दोष दिसूनही चार्ज येत नाही.

बुलेटची स्टेटर (स्थिर राहणारी कॉइल) इंजिनाच्या बाजूच्या प्रायमरी केसमध्ये तेलात असते, तेव्हा वार्निश भट्टीत पूर्ण सुकवलेले हवे. घाईने उन्हात वाळवलेले तेलात मऊ पडते. परत बसवताना रोटर (फिरणारे चुंबक) आणि स्टेटरमध्ये फीलर गेजने चहूबाजूंनी किमान 0.2 मिलिमीटर फट तपासावी. मॅग्नेट काढण्यासाठी मात्र पुलरच वापरावा. हातोडीने ठोकून काढलेली मॅग्नेटे माझ्याकडे येतात, त्यांतल्या काहींचे चुंबक तडकलेले असतात, आणि त्यावर कितीही चांगली कॉइल बांधून दिली तरी चार्ज पूर्वीसारखा येत नाही.