ताडोबाचं प्रवेश शुल्क: पावतीतला किती पैसा जंगलात पोचतो?

सागवान
ताडोबाच्या सफारीचे पैसे भरताना प्रवेश शुल्क, जिप्सीभाडं आणि गाईडचं मानधन वेगवेगळं लागतं. यातलं कुणाच्या हातात काय जातं? प्रवेश शुल्क सरकारी तिजोरीत जमा होतं की प्रकल्पाकडे राहतं? आणि ते वाढवलं तर जंगलाला नि बफरमधल्या, म्हणजे गाभ्याभोवतीच्या पट्ट्यातल्या, गावांना खरंच जास्त मिळतं का? ग्रामसभेत विषय घ्यायचाय, म्हणून आकडेमोडीसकट सांगा.

जाळरेषा
जिप्सीभाडं गाडीमालकाचं, मानधन गाईडचं. ही दोन्ही गावातली रोजीरोटी आहे, संवर्धनाचा निधी नव्हे. बरेच जण तिन्हींची बेरीज करून ‘एवढा पैसा जातो कुठे’ विचारतात, तिथेच हिशेब चुकतो.

प्रवेश शुल्क व्याघ्र संवर्धन प्रतिष्ठानाकडे जातं. वन्यजीव संरक्षण कायद्यात 2006 साली जी दुरुस्ती झाली, त्यातल्या कलम 38-एक्सनुसार प्रत्येक व्याघ्र प्रकल्पाला असं प्रतिष्ठान स्थापावं लागतं. नियामक मंडळाचे अध्यक्ष वनमंत्री, कार्यकारी समितीचे क्षेत्र संचालक. गेटचा पैसा राज्याच्या महसुलात न टाकता त्याच प्रकल्पात वापरावा, हे राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या ऑक्टोबर 2012 च्या मार्गदर्शक सूचनांमध्येही आहे.

याचा मोठा फायदा म्हणजे वेळ. प्रकल्पाला मिळणाऱ्या सरकारी निधीत, म्हणजे केंद्र पुरस्कृत योजनेत, आवर्ती (दरवर्षीचा) खर्च केंद्र-राज्य 50:50 आणि अनावर्ती (एकदाचा) 60:40 असा वाटला जातो. त्याचे हप्ते पुष्कळदा उशिरा येतात. पण वणव्याचा हंगाम 15 फेब्रुवारीला सुरू होतो, त्याआधी जाळरेषा, म्हणजे वणवा अडवणाऱ्या मोकळ्या पट्ट्या, कापून, जाळून तयार हव्यात. मार्चमध्ये आलेला पैसा जाळरेषेच्या कामाचा नाही. तेव्हा प्रतिष्ठानाचे पैसे हाताशी असले तर काम वेळेत होतं.

पाणवठा
आकडेमोड अशी करून बघा. दर आणि गाड्या मी गृहीत धरल्यात, तिथे तुमच्या गेटचे खरे आकडे घाला.

एका गेटवरून सकाळी 9 आणि दुपारी 9 गाड्या. गाभा क्षेत्र 1 ऑक्टोबर ते 30 जून चालू, मंगळवारी बंद, म्हणजे साधारण 39 आठवडे गुणिले 6, 234 दिवस. एकूण 4,212 फेऱ्या. गाडीमागे प्रवेश शुल्क 4,000 रुपये धरलं तर 1 कोटी 68 लाख. पण उन्हाळ्यात बुकिंग मिळत नाही आणि बाकी महिन्यांत मात्र ते रिकामं जातं, म्हणून 70 टक्केच धरा: 1 कोटी 18 लाख.

आता खर्च. एका संरक्षण कुटीवर, म्हणजे जंगलातल्या गस्तीच्या चौकीवर, 4 मजूर, महिना 15,000 प्रमाणे वर्षाला 7 लाख 20 हजार. अशा 10 कुट्या म्हणजे 72 लाख. उरलेल्या 46 लाखांत जाळरेषा, पाणवठ्यांचे सौरपंप, गस्तीच्या गाड्यांचं डिझेल, बिनतारी संचांची दुरुस्ती आणि गावांचा वाटा बसवायचा.

घोळ होतो तो इथे. जुलै ते सप्टेंबर गाभ्यातलं उत्पन्न थांबतं, पण पावसाळी गस्त थांबवून चालत नाही. रस्ते चिखलात गेले की शिकाऱ्यांना रान मोकळं मिळतं. मार्च 2020 नंतर तर भर हंगामात गेटं बंद झाली. म्हणून मजुरीच्या 6 महिन्यांची रक्कम, या उदाहरणात 36 लाख, मुदत ठेवीत बाजूला हवीच. वनरक्षकांचे पगार गेटच्या पैशावर टाकायचा विचारही करू नये. ती राज्याची जबाबदारी आहे आणि एकदा ती सुटली की परत येत नाही.

बफरवाली
गावाच्या बाजूने एक मुद्दा. गेट ज्या गावात आहे तिथे गाईड, जिप्सी, होमस्टे, चहाची टपरी सगळं उभं राहतं. दहा किलोमीटरवरच्या बिनगेटच्या गावात वाघ तेवढाच फिरतो, गुरं तेवढीच मरतात, पण पर्यटनाचा रुपया पोचत नाही. तुमच्या ठरावात हेच पहिलं असावं: परिस्थितिकीय विकास समित्यांना (गावोगावच्या समित्या, ज्यांच्यामार्फत गावाचा निधी येतो) वाटा देताना गेटची जवळीक नव्हे, तर गेल्या 3 वर्षांतल्या पशुहानी-पीकहानीचे पंचनामे पायाभूत धरावेत.

केरळात पेरियारला प्रवेश शुल्काबरोबर परिसर विकासाचा अधिभार वेगळा घेतात आणि तो पेरियार प्रतिष्ठानाकडे जातो. गावाचा पैसा पावतीवरच वेगळा दिसला की नंतर कुणी तो दुसऱ्या कामाकडे वळवू शकत नाही. मला ही पद्धत सगळ्यांत स्वच्छ वाटते.

सागवान
मग थेट शुल्कच दुप्पट केलं तर? रवांडाचं उदाहरण नेहमी देतात.

पाणवठा
रवांडाने 2017 मध्ये गोरिला पाहण्याचा परवाना 750 वरून 1,500 डॉलर केला आणि गावांचा वाटा 5 वरून 10 टक्के. तिथे एका गोरिला कुटुंबामागे दिवसाला 8 पर्यटक, तेही एक तास, आणि गिऱ्हाईक बहुतेक परदेशी. ताडोबाचा पर्यटक नागपूर-पुण्या-मुंबईचा आहे. सरसकट दुप्पट केलं तर आधी चंद्रपूरची शाळकरी मुलं बाहेर पडतील. शनिवार-रविवारचा आणि एप्रिल-मेचा दर वाढवा, स्थानिकांसाठी आठवड्यातला एखादा दिवस स्वस्त ठेवा. मात्र उत्पन्नासाठी गाड्या वाढवू नका. गाड्यांची संख्या वहनक्षमतेवरून, म्हणजे जंगलाला किती गाड्या सोसतात त्यावरून ठरते, तिजोरीवरून नाही. वाढवलीत तर एका वाघिणीभोवती पंधरा गाड्या उभ्या राहतात आणि ती रस्ता ओलांडून पाण्यापर्यंत जाऊ शकत नाही.

जाळरेषा
ठरावाआधी कागद मिळवा. माहिती अधिकारात क्षेत्र संचालक कार्यालय, चंद्रपूर इथल्या जन माहिती अधिकाऱ्याकडे अर्ज, 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. महाराष्ट्राच्या नियमात एका अर्जात एकच विषय आणि 150 शब्दांची मर्यादा आहे, त्यामुळे तीन अर्ज वेगळे करा: गेटनिहाय व महिनानिहाय प्रवेश शुल्क, प्रतिष्ठानाचा लेखापरीक्षण अहवाल, समित्यांना दिलेला निधी, गावनिहाय. ‘सर्व माहिती द्या’ असं लिहिलं की अर्ज मोघम म्हणून परत येतो. कालावधी तारखांसह लिहा, उदाहरणार्थ 1 एप्रिल 2023 ते 31 मार्च 2024. ऑनलाइन बुकिंगमधून जमा झालेली रक्कम आणि प्रतिष्ठानाच्या बँक खात्यात आलेली रक्कम या दोन्ही पहिल्याच अर्जात मागा. दोन्ही आकडे महिनावार शेजारी ठेवले की तफावत लगेच दिसते. 30 दिवसांत उत्तर नाही आलं तर पुढच्या 30 दिवसांत प्रथम अपील.