अनुभव धागा: सामरी तुमच्या घरी कधी आला होता?

परवा माळा आवरताना एक व्हिडिओ कॅसेट सापडली. कडेच्या पांढऱ्या पट्टीवर बॉलपेनने 'लग्न' लिहिलेलं, ते खोडून खाली 'पु. मंदिर'. लग्न आमच्या धाकट्या काकाचं, 1987 मधलं. मंदिर म्हणजे रामसे बंधूंचा भुताचा सिनेमा 'पुराना मंदिर', 1984 मधला; सामरी हे त्यातलं भूत. दोन व्हीसीआर एकमेकांना जोडून काकूच्या भावानेच लग्नावर सिनेमा भरायचा हा उद्योग केला होता. त्यावरून घरात जे महाभारत झालं ते काकू अजून ऐकवते.

मी स्वतः 'पुराना मंदिर' पहिल्यांदा पाहिला तो चाळीच्या गणपतीत. वर्गणीतून एका रात्रीपुरता रंगीत टीव्ही आणि व्हीसीआर भाड्याने यायचा. आधी बायकांसाठी पौराणिक, मग मारधाडीचा, आणि दोनच्या सुमारास म्हातारी माणसं आडवी झाली की भुताचा. सिनेमा 'ए' सर्टिफिकेटचा, थिएटरच्या दारावरच मला हाकलला असता. चाळीत कोण हाकलणार? सगळे डोअरकीपर घोरत होते. मी आठ वर्षांचा. सामरीचं धड एकीकडे आणि मुंडकं पेटीत, इथपर्यंत मी ताठ बसलो होतो. नेमक्या पेटीच्या सीनला टीव्हीला मुंग्या आल्या. कोणीतरी ट्रॅकिंगचं बटण फिरवायला उठलं, आणि त्या मुंग्यांतून आधी नुसते दोन लाल डोळे वर आले, मग बाकीचा चेहरा. पुढचा महिनाभर कॉमन संडासाकडे जाताना मला सोबत लागायची, आणि ताई सोबतीचे दहा पैसे घ्यायची.

तर लिहा. रामसेंचा कुठलाही सिनेमा चालेल, पण घरात पाहिलेला हवा. व्हीसीआर, केबल, सीडी, काहीही. आणि कोणाकडे चालू व्हीसीआर आहे का? कॅसेट लावून बघायची आहे.

पोटमाळा
थांबा, लावू नका! आधी कॅसेटची झडप उचलून टेप उजेडात बघा. पांढरी भुकटी दिसली तर ती बुरशी. तशीच लावलीत तर मशीनचं हेड, म्हणजे टेप वाचणारा भाग, खराब होईल आणि टेपही तुटेल. कॅसेटवरून डिजिटल करून देणारे अजून आहेत, ते आधी साफ करतात. माझ्याकडच्या मुंजीच्या कॅसेटची मी वाट लावून बसलोय, म्हणून एवढा जीव तोडून सांगतोय.

परसदार
आमचं गाव कोकणात. मे महिना, सगळी भावंडं जमलेली, दादाने तालुक्याहून व्हीसीआर आणलेला. वहिनीला सातवा महिना. तिलाही हौस, पाठीला उशी लावून बसली पुढे.

आता सिनेमाची गोष्टच अशी, की मरताना सामरी राजाला शाप देतो: तुझ्या घराण्यातली प्रत्येक बाई बाळंतपणात मरेल. आजीला हिंदीचा गंध नव्हता, ती माजघरात आमसुलं निवडत होती. पण तेवढं वाक्य तिला बरोब्बर कळलं. उठली आणि सरळ भिंतीतली वायर उपटली. बटणबिटण नाही, वायर. वहिनीला तिथेच उंबऱ्याशी बसवून मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढली. दादाला दोन दिवस नुसतं "अरे तू शिकलेला ना?" एवढंच ऐकावं लागलं.

कॅसेट मशीनमध्ये अडकलेली, आणि आजी वायर लावू देईना. दुसऱ्या दिवशी दादाने कॅसेट पोटात असलेला व्हीसीआर तसाच एसटीच्या टपावरून परत नेला आणि दोन दिवसांचं भाडं भरलं.

वहिनीला मुलगा झाला, धडधाकट. त्याच मुलाने लॉकडाऊनमध्ये तिला मोबाइलवर उरलेला सिनेमा दाखवला. तिचा अभिप्राय: "एवढ्यासाठी मला उठवलं होतं?"

मागचा बाक
आजी ग्रेट!
मला एवढंच आठवतं की त्यात पुनीत इस्सर चांगल्या बाजूला होता. आम्ही 'महाभारत' आधी पाहिलेलं, त्यामुळे दुर्योधन हिरोचा मित्र कसा, यावरच सिनेमाभर भांडण. हा शेवटी दगा देणार म्हणून मी एका भोवऱ्याची पैज लावली होती. हरलो.

रिवाइंड करून द्या
कॉलेजात असताना चार वर्षं व्हिडिओ लायब्ररीत कामाला होतो. गुपित सांगतो. रामसेंच्या कॅसेटी एका ठरावीक जागी खराब व्हायच्या, आणि ती जागा भुताची नसायची. पॉज केलं की टेप थांबते, पण हेडचा ड्रम फिरतच राहतो आणि त्याच जागेवर घासत राहतो. अशा घासलेल्या पट्ट्यावरून गिऱ्हाईक नेमकं कुठे थांबलं होतं ते आम्हाला कळायचं. बहुतेक वेळा आंघोळीला. 'वीराना' तर वर्षभरात तीनदा बदलावी लागली. परत करायला येणारे काका मात्र गंभीर चेहऱ्याने म्हणायचे, "पोरांना भुताची आवड हो."

दुसरं म्हणजे आमच्याकडच्या निम्म्या कॅसेटी कॉपीवरून केलेल्या कॉपी. प्रत्येक कॉपीला काळा रंग गढूळ होत जातो आणि लाल रंग कडा सोडून बाहेर पसरतो. मूळ सिनेमात रक्त किती होतं कोणास ठाऊक, आमच्या कॅसेटीत ते सामरीच्या हनुवटीवरून थेट मागच्या भिंतीपर्यंत जायचं. शिवाय पडद्याच्या तळाशी साडीच्या दुकानांच्या जाहिराती सरकत. खाली मंगल प्रसंगी अवश्य भेट द्या, वर मुडदा.

नगरकर
आमच्याकडे हा सिनेमा लागायचा तो सामरीसाठी नाही. आमच्या नगरचे सदाशिव अमरापूरकर त्यात आहेत. 'अर्धसत्य' नुकताच गाजलेला, त्यामुळे वडील ते पडद्यावर आले की "हा बघ" म्हणून सगळ्यांना गप्प करायचे. ललिता पवारही आहेत. आईला त्यांचीच भीती जास्त, पण ती इतर सिनेमांतल्या सासूमुळे.

कडू कारलं
मी एकटाच का वेगळा? मला भीती वाटलीच नाही, कंटाळा आला. मध्येच 'शोले'ची नक्कल सुरू होते, जगदीप डाकू होऊन फिरतो, आणि भूत बिचारं पेटीत वाट बघत बसतं. आम्ही तो सगळा भाग फॉरवर्ड करायचो. एकदा फॉरवर्ड करता करता भूतच निघून गेलं.

गाणं मात्र फॉरवर्ड केलं नाही. 'वो बीते दिन याद हैं'. भुताच्या सिनेमात इतकं बरं गाणं असायला नको होतं.

धागाकर्ता
@कडू कारलं, जगदीपबद्दल शंभर टक्के सहमत. पण पोरं मुतायला उठायची ती त्याच वेळात, त्यामुळे त्याचा उपयोग होता.

समुद्राकडची खिडकी
माझं आजोळ मुरुडला. तिथला नवाबाचा राजवाडा रामसेंच्या सिनेमांत दिसतो, 'पुरानी हवेली'त तर भरपूर. आम्हाला लहानपणी त्या वाड्याची अजिबात भीती नव्हती. खासगी मालमत्ता, आत सोडत नाहीत, त्यामुळे बाहेरूनच बघायचा, आणि समोरून रोज एसटी जायची. मग मुंबईत मावशीकडे कॅसेट लागली, आणि विजेच्या कडकडाटात तोच वाडा! मी ओरडले, "हा तर आमचा!" मावसभावंडांत माझा भाव इतका वाढला की मी आणखी थापा मारल्या. सामरी आमच्या आजोबांकडून नारळ नेतो, वगैरे. पण पुढच्या सुट्टीत संध्याकाळी वाड्यासमोरून जाताना आजोबांचा हात धरला तो धरलाच.

दुसरी डिस्क
आमची पिढी सीडीची. एका व्हीसीडीत सव्वा तासाच्या आसपासच मावतं, म्हणून सिनेमा दोन डिस्कमध्ये. आमच्याकडच्या 'बंद दरवाजा'ची दुसरी डिस्क कोणी तरी नेली ती आलीच नाही. पहिली आम्ही वीसेक वेळा पाहिली असेल. प्रत्येक वेळी ऐन रंगात पडदा निळा. उरलेली गोष्ट भाऊ रात्री अंथरुणात रचून सांगायचा, दर वेळी वेगळी. मोठेपणी खरा शेवट पाहिला. भावाचे बरे होते.

शिवाय व्हीसीडीत अंधाराचे चौकोन व्हायचे. भूत कुठल्या चौकोनात आहे ते शोधावं लागायचं.

गच्चीवरचा प्रोजेक्टर
हे सगळं वाचून माझं पाप कबूल करतो. मोंडो मकाब्रो नावाच्या परदेशी कंपनीने 2023 मध्ये सहा सिनेमांचा ब्लू-रे संच काढला. पुराना मंदिर, वीराना, तहखाना, पुरानी हवेली, बंद दरवाजा, महाकाल. किंमत बायकोला सांगितलेली नाही, इथेही सांगणार नाही.

मित्रांना बोलावलं, दिवे घालवले. चित्र इतकं लख्ख की धूर कुठल्या कोपऱ्यातून सोडलाय ते दिसतं. पहिल्या अर्ध्या तासात आम्ही हसून लोळलो. मग हळूहळू गप्प झालो, पण भीतीने नव्हे. ते निळे आणि लाल दिवे, खिडकीमागून येणारा उजेड, हे कोणीतरी नीट विचार करून लावलंय हे मला पन्नाशीत पहिल्यांदा दिसलं. सात भाऊ, दिग्दर्शन तुलसी आणि श्याम यांचं, बाकीच्यांनी लेखन, कॅमेरा, आवाज, संकलन असं सगळं घरातच वाटून घेतलेलं. आमच्या कॅसेटीत यातलं काहीच पोचलं नव्हतं. पोचला होता फक्त गढूळ काळोख, आणि त्यात आम्ही आपापलं भूत बघत होतो.

सामरी झालेला अनिरुद्ध अग्रवाल तर आता मला देखणा वाटायला लागलाय. रुडकीचा इंजिनिअर माणूस! 'बँडिट क्वीन'मधला बाबू गुज्जर म्हणजे तोच. तिथे मेकअप नव्हता, आणि तिथे मला जास्त भीती वाटली.

रिवाइंड करून द्या
तुमच्या ब्लू-रेत लाल रंग भिंतीपर्यंत जातो का?

गच्चीवरचा प्रोजेक्टर
नाही हो. हनुवटीपर्यंतच.

धागाकर्ता
कॅसेटचं काम झालं. बुरशी होतीच, @पोटमाळा तुमचे उपकार. साफ करून पेन ड्राइव्हवर घेऊन आलो. रविवारी काका-काकूंना बोलावलं, काकूचा भाऊही आला, मुद्दाम लांबच्या खुर्चीत बसला.

'पुराना मंदिर' साधारण 2 तास 24 मिनिटांचा. कॅसेट तीन तासांची. हे गणित इतक्या वर्षांत घरात कोणीच केलं नव्हतं. सामरी जळाला, पाट्या आल्या, मुंग्या आल्या. काका उठून चहाला जायला निघाले, तेवढ्यात मुंग्या बाजूला झाल्या आणि बॅंडचा आवाज आला. मंगलाष्टकं, हार, सप्तपदी सगळं सामरीने खाल्लेलं. पण पंगत शिल्लक होती. अर्ध्या तासाची, सलग.

आजी जिलब्यांचं ताट घेऊन वाढत येते. कॅमेऱ्याचा दिवा तोंडावर येतो तशी पदराने डोळे झाकते आणि कॅमेरावाल्याला विचारते, "तू जेवलास का रे?"

काकूने तेवढाच तुकडा चार वेळा मागे घ्यायला लावला. मग भावाकडे बघून म्हणाली, "एवढा सिनेमा आखूड होता म्हणून वाचलास."