यंत्र चुकले तर जाब कोणाला विचारायचा?

मूळ मत
अधिकारी चुकला तर त्याला समोर बसवून 'असे का केले' हे विचारता येते, वरिष्ठांकडे अपील करता येते, आणि त्याला पद जाण्याचे भयही असते. कृत्रिम बुद्धिमत्तेला यांपैकी काहीच लागू पडत नाही. ऑस्ट्रेलियातील 'रोबोडेट' योजनेत संगणकाने वार्षिक उत्पन्नाची सरासरी काढून लाखो लोकांच्या नावे जादा मिळालेल्या सरकारी साहाय्याच्या परतफेडीची थकबाकी दाखवली, आणि ती खोटी असल्याचे सिद्ध करण्याचा भार त्यांच्यावरच पडला. म्हणून हक्कांवर परिणाम करणारा कोणताही निर्णय माणसाच्या सहीशिवाय लागू होऊ नये, असे माझे ठाम मत आहे.

प्रतिसाद १
आपले उदाहरण आपल्याच मताविरुद्ध जाते. रोबोडेटमध्ये बुद्धिमत्ता कसली, साधा भागाकार होता. ही पद्धत कायद्याशी विसंगत ठरू शकते, असा सल्ला खात्यातील विधिज्ञांनी २०१४ मध्येच दिला होता. तरीही ती राबवली माणसांनीच. ब्रिटनच्या टपाल संस्थेत 'होरायझन' या हिशेबाच्या संगणकप्रणालीने दाखवलेली पैशांची तूट खरी मानून १९९९ ते २०१५ या काळात ९००हून अधिक जण दोषी ठरवले गेले, आणि खटले भरणारी व निकाल देणारी सारी माणसेच होती. यंत्राची निदान नोंद राहते, तीच माहिती पुन्हा घालून ते तपासता येते. अधिकाऱ्याच्या मनातला पूर्वग्रह असा तपासता येत नाही.

मूळ मत मांडणाऱ्याचे उत्तर
माणसांचा दोष मान्य, आणि टपालाचे ते प्रकरण वाचताना आजही संताप येतो. पण २०२१ मध्ये लंडनच्या अपील न्यायालयाने त्यांतील ३९ जणांची दोषसिद्धी एकाच निकालाने रद्द केली, आणि रोबोडेटची चौकशी करणाऱ्या शाही आयोगासमोर माजी पंतप्रधानांनाही शपथेवर उत्तरे द्यावी लागली. उशिरा का होईना, उलटतपासणीला माणूस सापडला. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या आतल्या अब्जावधी आकड्यांत विखुरलेल्या उत्तराची उलटतपासणी कशी घेणार? यंत्र पुन्हा चालवून फार तर तेच उत्तर मिळेल, कारण मिळणार नाही.

प्रतिसाद २
सहीवर इतका विश्वास मला धोक्याचा वाटतो. दिवसाला शेकडो शिफारशींवर सह्या करणारा कारकून संस्थेची ढाल बनतो. चॅटबॉटने सवलतीबाबत दिलेल्या चुकीच्या माहितीची जबाबदारी एअर कॅनडा या विमान कंपनीने झटकली, जणू तो बॉट कंपनीहून वेगळी कायदेशीर व्यक्ती होता; २०२४ मध्ये कॅनडातील न्यायाधिकरणाने हा बचाव फेटाळून प्रवाशाला भरपाई देवविली. यंत्र ज्याने कामाला लावले, त्यानेच निर्णय बरोबर असल्याचे सिद्ध करावे, आणि कारण सांगता येत नसेल तेथे ते वापरू नये.

प्रतिसाद १ लिहिणाऱ्याचे उत्तर
ही अट मला मान्य आहे, पण ती अपुरी आहे. कारण न देता 'अर्ज नामंजूर' एवढेच लिहिणाऱ्या अधिकाऱ्याला तुमच्या अटीतून सूट मिळते, केवळ त्याने यंत्र वापरले नाही म्हणून.