डीव्हीडी राइट करताना पॉवर कॅलिब्रेशन एरर, ड्राइव्ह गेला काय?

खानापूरवाला:
मंडळी जरा मदत करा की. बहिणीच्या लग्नाचा व्हिडिओ डीव्हीडीवर घालून निपाणीच्या आत्याला द्यायचाय, तिच्याकडं तो जुना प्लेअरच आहे, पेनड्राइव्ह लावायची सोयच नाही त्याला. लॅपटॉप पण जुनाच, विंडोज ७. राइट सुरू केलं की ड्राइव्ह दोनदा घर्र करतोय आणि पॉवर कॅलिब्रेशन एरर म्हणून थांबतोय, एक टक्कासुद्धा पुढं जात नाही. चार डिस्का वाया गेल्या. पिक्चरची डीव्हीडी मस्त चालते, सीडी पण राइट होते, म्हणजे ड्राइव्ह चांगलाच आहे नव्हं?

टिळकवाडीकर:
वाचणं वेगळं आणि राइट करणं वेगळं हो. राइट करायला लेसरला लई जादा पॉवर लागते, ती किती लागणार ते ड्राइव्ह आधी डिस्कच्या आतल्या कडेला थोडं लिहून बघतो, तुमचं गाडं तिथंच अडकतंय. सीडी होते यावर पण जाऊ नका, सीडीचा लेसर ७८० नॅनोमीटरचा आणि डीव्हीडीचा ६५० चा. आधी दुसऱ्या कंपनीची डिस्क घ्या, सुट्टी बिननावाची नको, आणि स्पीड ऑटोवर न ठेवता ४ एक्स करा. चार्जर लावूनच करा, बॅटरीवर नको.

शहापूरचा पोरगा:
लेन्स पुसलासा काय? लॅपटॉपचा ट्रे बाहेर ओढला की मधल्या चकतीच्या बाजूला हरभऱ्याएवढी निळसर काच दिसते, तीच लेन्स. तुमच्या खानापूरच्या पावसात कपाटातल्या पुस्तकांना बुरशी येते तर लेन्सचं काय घेऊन बसलाय. आधी ब्लोअरनं हवा मारा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या इअरबडनं अगदी हळू, दाबू नका, ती स्प्रिंगवर असते. तोंडानं फुंकू नका, थुंकी उडते (मी हे करून बसलोय).

खानापूरवाला:
झालं एकदाचं! लेन्स पुसली तरी जुन्या डिस्कला तोच एरर, मग चांगल्यातली नवी आणून ४ एक्सवर टाकली तर सरळ शेवटपर्यंत गेली. पण मंडळी, काल निपाणीला नेली तर प्लेअर नुसता "नो डिस्क" दाखवतोय. आत्या म्हणते, तुझ्या आजोबांच्या वेळचा फोटोच बरा होता. लॅपटॉपवर उघडतंय की.

टिळकवाडीकर:
एमपीफोर फाईल तशीच कॉपी केलासा ना? जुन्या प्लेअरला ते कळत नाही, त्याला व्हिडिओ डीव्हीडी लागते, एमपेग-२ या जुन्या व्हिडिओ फॉरमॅटमधली, आत व्हीओबी नावाच्या फाईली. डीव्हीडीस्टाइलर फुकट मिळतं, त्यात व्हिडिओ घाला, ते रूपांतर करून देतंय. डिस्क फायनलाइझ (म्हणजे राइट झाल्यावर शेवटी बंद) करायला विसरू नका, नाहीतर परत तेच. आणि डिस्कवर ४.७ जीबी छापलेलं असतं पण विंडोजमध्ये ४.३८ च भरते, दोन तासांच्या वर गेला तर क्वालिटी कमी करा नाहीतर दोन डिस्का करा.

खानापूरवाला:
व्हिडिओ तीन तास दहा मिनिटांचा आहे. हळदी काढून टाकतो, आत्या त्यात नव्हतीच.