मदत हवी आहे: पेशीवरचा एचएलए आत जातो की जागेवरच सुटतो?

नमस्कार मंडळी, इम्युनॉलॉजीतलं कुणी आहे का इथे?

जेवाय या मानवी बी-पेशींवर एचएलए वर्ग १ (प्रथिनांचे तुकडे रोगप्रतिकारक पेशींना दाखवणारा पृष्ठभागावरचा रेणू) किती वेळ टिकतो ते मोजतेय. (१९८७ साली हार्वर्डमध्ये ज्या एचएलए-ए२ ची स्फटिकरचना उलगडली, ते प्रथिन याच पेशींवरून पपेन या प्रथिनं कापणाऱ्या विकराने कापून काढलं होतं.) या रेणूत पेशीच्या पडद्यात रुतलेली जड साखळी साधारण ४४ किलोडाल्टनची, तिला बिलगलेलं १२ किलोडाल्टनचं बीटा-२ मायक्रोग्लोब्युलिन आणि वरच्या खाचेत छोटा पेप्टाइड (प्रथिनाचा तुकडा). बीटा-२ पडद्यात रुतलेलं नसतं, तिथेच माझी गोची आहे.

ब्रेफेल्डिन ए हे रसायन देऊन ईआरमधून (पेशीत ही प्रथिनं घडतात त्या जाळ्यातून) येणारा नवा माल थांबवते, मग थोड्या थोड्या वेळाने डब्ल्यू६/३२ ही अँटिबॉडी लावून फ्लो सायटोमेट्री (पेशींवर किती अँटिबॉडी बसली ते चमकेवरून मोजणं) करते. सिग्नल छान उतरतो. पण ही अँटिबॉडी बीटा-२ जोडलेलं असेल तरच बसते. म्हणजे रेणू आत ओढला गेला, की बीटा-२ गळून नुसती साखळी वर उभी आहे? शिवाय मीडियमात (पेशी वाढवायच्या द्रवात) १० टक्के वासराचं सीरम. त्यातलं गाईचं बीटा-२ मोकळ्या जागी बसलं तरी डब्ल्यू६/३२ बसणारच! सर म्हणतात, अर्धायुष्य काढ आणि पुढे जा. मला ते पटत नाही.

सुट्या साखळीसाठी एचसी-१० ही दुसरी अँटिबॉडी लावून बघितली, फारसं काही वाढत नाही. मग सुट्या साखळ्या नाहीतच असं धरू का?

प्रतिसाद १: अजिबात धरू नका. जेवायवर एचएलएचे ए२ आणि बी७ हे प्रकार असतात. एचसी-१० ला बी७ ची सुटी साखळी चांगली दिसते, ए२ ची जेमतेम. ए प्रकारासाठी एचसीए-२ ही अँटिबॉडी बघा. सीरमचा घोळ टाळायला त्या काही तासांपुरतं सीरमविरहित मीडियम वापरा. आणि खरा निकाल हवा तर फ्लोवर विसंबू नका: डायसल्फाइड दुवा असलेलं बायोटिन (खूण म्हणून चिकटवायचा छोटा रेणू) पृष्ठभागाला लावा, ३७ अंशांवर सोडा, मग तो दुवा तोडणाऱ्या ग्लुटाथिओनने धुवा. वरचं बायोटिन निघतं, आत गेलेलं राहतं.

धागाकर्ती: हे भारी आहे! ग्लुटाथिओनचं धुणं बर्फावरच ना?

प्रतिसाद १: हो, नाहीतर धुताधुताच रेणू आत जात राहतील. शिवाय ३७ अंशांवर न ठेवलेला एक नमुना धुऊन बघा. त्यात बायोटिन उरलं तर धुणं अपुरं.