ईस्ट हॅडमचा फिरता पूल: कुठून बघावा?

दांडियाबाजार: बडोद्याहून अमेरिकेत कनेक्टिकटला मुलीकडे जाणाऱ्या आजी-आजोबांना हा पूल फिरताना बघायचाय. उभं कुठे राहावं? उन्हाळ्यात असे पूल अडकतात, ते का?

रावपुरा: पूल १९१३चा, कनेक्टिकट नदीवरचा. पूर्व काठावर, गुडस्पीड ऑपेरा हाउसजवळ थांबावं. खालून न मावणाऱ्या उंच बोटींसाठीच उघडतो, म्हणून चांगल्या हवेचा शनिवार-रविवार धरा. आधी फाटक पडतं, मग टोकांखालच्या पाचरी निघतात, मगच मधल्या खांबावर पूल वळतो. पाचरींकडे लक्ष ठेवायला सांगाच! आधार सुटला की टोकं वजनाने किंचित झुकतात. बंद करताना पाचरीच ती उचलून रस्त्याच्या पातळीला आणतात.

कारेलीबाग: अडकण्याचं कारण ऊन. फिरणारा भाग सुमारे १४० मीटर. तापमान २० अंशांनी चढलं की पोलाद ३३ मिलिमीटर लांबतं, म्हणजे प्रत्येक टोकाला १६-१७. तेवढी फट नसेल तर टोक आत बसत नाही. म्हणूनच काही जुन्या पुलांवर पाणी मारून पोलाद थंड करतात.

रावपुरा: चालणं झेपत नसेल तर एसेक्स गावाहून वाफेच्या गाडीने डीप रिव्हर गावापर्यंत, पुढे बोटीने पुलाकडे. वेळापत्रक आधी पाहून ठेवा.