मदत हवी आहे: खुब्याच्या स्नायूंची ताकद आणि गुडघ्याचा कोन मोजताना येणाऱ्या अडचणी

नमस्कार,

मी फिजिओथेरपीच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला आहे. गुडघ्याच्या वाटीभोवती दुखणाऱ्या तरुण स्त्रियांमध्ये खुब्याच्या ॲबडक्टर (मांडी बाजूला नेणाऱ्या) स्नायूंची ताकद आणि एका पायावर अर्धी बैठक मारताना गुडघा आत झुकण्याचे प्रमाण यांचा संबंध तपासणे, हा माझ्या प्रबंधाचा विषय आहे. प्रत्यक्ष मोजणी सुरू करण्याआधी पद्धत पक्की करायची आहे.

ताकद हातात धरायच्या डायनामोमीटरने (बल मोजणाऱ्या यंत्राने) मोजणार आहे: रुग्ण कुशीवर, यंत्र गुडघ्याच्या सांध्याच्या किंचित वर, पाच सेकंद पूर्ण जोर आणि तीन प्रयत्नांची सरासरी. मात्र खेळाडू मुलीने मांडी जोरात वर ढकलली की माझे कोपर वाकू लागते आणि यंत्र जागेवरून सरकते. अशा वेळी आलेला आकडा तिच्या ताकदीचा मानणे मला पटत नाही. म्हणून यंत्र पट्ट्याने टेबलाशी बांधायचे ठरवले आहे. पट्टा आवळताच यंत्रावर जो थोडा भार दिसतो, तो तुम्ही शून्य करून घेता की नंतर वजा करता? न्यूटनमधील बलाला मोठ्या ट्रोकँटरपासून (मांडीच्या हाडाच्या खुब्याजवळील बाहेरच्या उंचवट्यापासून) यंत्रापर्यंतच्या मीटरमधील अंतराने गुणून किलोमधील वजनाने भागणार आहे, कारण नुसत्या बलावरून उंच आणि ठेंगण्या व्यक्तींची तुलना करता येत नाही.

खरी चिंता कोनाची आहे. समोरून चित्रीकरण करून किनोव्हिआ या चित्रफितीवरून मोजमाप करायच्या सॉफ्टवेअरमध्ये कमरेच्या हाडाचे पुढचे टोक, गुडघ्याचा मध्य आणि घोट्याचा मध्य जोडून कोन काढायचा आहे. आमच्याकडे येणाऱ्या बऱ्याच जणी सलवार घालून येतात, आणि कपड्यावर लावलेली खूण बैठक मारताना हाडावरून घसरते. आखूड पँट घालायचा आग्रह धरला तर काही जणी सहभागच नाकारतील, आणि त्यांचा संकोच मला पूर्णपणे रास्त वाटतो. वरची खूण कपड्यावरच पण घट्ट इलास्टिक पट्ट्यावर लावणे कोणी करून पाहिले आहे का? शिवाय हा कोन एका प्रतलातला असल्याने मांडीचे आत वळणेही त्यात मिसळते. तेव्हा त्याला सरळ ‘व्हॅल्गस’ (गुडघा आत झुकणे) म्हणणे परीक्षकांना चालते का?

शेवटचे म्हणजे, मोजणारी मीच आणि कोणता पाय दुखतो हेही मलाच ठाऊक. दुसरा मोजणारा मिळणे अवघड आहे. किमान चित्रफिती सहकाऱ्याकडून पाय न सांगता मोजून घेतल्या, आणि आठवड्याच्या अंतराने पुन्हा मोजून आयसीसीसोबत (दोन वेळच्या मोजण्या किती जुळतात हे सांगणाऱ्या गुणांकासोबत) मापनातील प्रमाण त्रुटीही दिली, तर ते पुरेसे ठरेल का?